वॉरंटीतल्या ट्रकच्या टर्मिनलला पुन्हा पुन्हा खार येतो: सोडा-पाणी आधी की फोटो आधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतःच्या नावावरची एकच दहाचाकी, बीएस-६, घेऊन चौदा महिने झालेत. न्हावाशेवा ते लातूर अशा फेऱ्या, गाडी स्वतःच चालवता. दोन बॅटऱ्यांपैकी एकीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार जमतो. दोनदा गरम पाणी ओतून साफ केला, तरी महिन्याभरात परत आला. आता सकाळी सेल्फ मारला की नुसती 'कट-कट' होते. ट्रकचा डीलर म्हणतो, बॅटरी आमच्या वॉरंटीत नाही. बॅटरीवाला म्हणतो, तुम्ही देखभाल केली नाही. आणि तुमची भीती ही की आपण पाना लावला तर दोघेही हात वर करतील.

आधी भीतीचे सांगतो. टर्मिनल साफ केल्याने वॉरंटी जात नाही. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढा आणि देखभालीचे पान उघडा. टर्मिनल स्वच्छ व घट्ट ठेवणे, पाण्याची पातळी बघणे ही मालकाची कामे म्हणून तिथे लिहिलेली सापडतील. म्हणजे साफ न करणे हाच तुमच्याविरुद्धचा मुद्दा होऊ शकतो. वॉरंटी अडचणीत येते ती दुसऱ्या कारणांनी: केबल कापून नवे लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) बसवले, टर्मिनल ठोकून बसवले, बॅटरीत अॅसिड ओतले, सील केलेल्या बॅटरीचे झाकण उचकटले, किंवा वायरिंगमधून भलतीकडून करंट काढला. यातले शेवटचे कारण तुमच्या गाडीत असेल असा मला दाट संशय आहे. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

पण साफ करण्याआधी फोटो काढा. तुम्ही दोनदा खार धुऊन टाकलात, म्हणजे दोनदा पुरावाच धुतलात. खार कुठल्या बॅटरीवर आहे, कुठल्या खांबावर (बॅटरीच्या शिशाच्या टोकावर) आहे, त्याचा रंग काय आहे, तो ओला आहे की कोरडा, खांबाच्या मुळाशी आहे की केबलच्या टोकाशी, यावरून दोष कुणाचा ते बरेचसे कळते. दोष चार्जिंगचा निघाला तर दावा ट्रकच्या वॉरंटीत जातो. बॅटरीचा निघाला तर बॅटरी कंपनीकडे. बाहेरून जोडलेल्या वायरीचा निघाला तर खर्च तुमचा. डीलर आणि बॅटरीवाला तुम्हाला एकमेकांकडे ढकलतात, कारण यातले नेमके काय आहे हे कुणीच तपासून लिहून दिलेले नाही.

फोटो असे काढा. एक लांबून, पूर्ण बॅटरी बॉक्स दिसेल असा. मग प्रत्येक खांब जवळून, एकूण चार. बॅटरीवरचा सीरियल नंबर आणि तारखेचा कोड वाचता येईल असा एक. मीटरवरचे किलोमीटर एक. बॅटरी जखडणारी पट्टी आणि तिचे बोल्ट एक. आणि बॅटरीवर काही जादा वायरी आल्या असतील तर त्यांचा एक, लपवू नका. सर्व्हिस सेंटरचा माणूस त्या बघणारच आहे.

आता खार येतो कुठून ते बघू. बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते. बॅटरी भरत आली की त्यातल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बुडबुडे निघतात. ते फुटताना अॅसिडचे बारीक तुषार उडतात आणि झाकणाच्या भोकांतून बाहेर येतात. हे तुषार शिशाच्या खांबावर बसले की पांढरी-राखाडी भुकटी होते. तांब्यावर किंवा पितळेवर बसले की निळसर-हिरवा मोरचूद होतो. वर्षभरात थोडी पांढरी धूळ जमणे यात काही विशेष नाही. महिन्याभरात खार फुलून वर येत असेल, तर एकतर बॅटरी गरजेपेक्षा जास्त उकळते आहे किंवा कुठूनतरी अॅसिड झिरपते आहे. तिसरी शक्यता किनाऱ्याच्या खाऱ्या हवेची. उरण-न्हावाशेव्याला रात्र-रात्र उभ्या राहणाऱ्या गाड्यांना ती लागतेच. पण ती हवा खांब निवडून बसत नाही. तिचा गंज बॉक्सच्या पत्र्यावर, पट्टीवर, बोल्टांवर सगळीकडे सारखा दिसतो. एकाच बॅटरीवर खार आहे म्हणता, तर हवेला दोष देता येणार नाही.

तुमची बॅटरी सीलबंद, पाणी न लागणारी असेल तर हा खार आणखी संशयास्पद आहे. वायू सोडायला तिलाही बारीक भोके असतात, पण तिच्यातून एवढे तुषार यायला नकोत.

तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे. तीन मापे घ्यायची. जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ करत घ्या, म्हणजे मीटरचा आकडा आणि गाडीचा नंबर एकाच चित्रात येतात.

पहिले माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सेल्फ मारण्याआधी. तुमच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे बसलेली. पण खरी गोष्ट दोघींमधल्या फरकात असते. दोघी एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच गाडीतल्या, एकाच मार्गावरून वाहणाऱ्या करंटच्या. त्यांच्यात ०.२ च्या वर फरक नको. एक १२.७ आणि दुसरी १२.१ असेल तर कुणीतरी एकीचेच रक्त काढते आहे.

दुसरे माप इंजिन चालू करून, आरपीएम १२०० ते १५०० वर धरून, पंधरा-वीस मिनिटांनी. दोन्ही मिळून २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याच वेळी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, १४ च्या आसपास सारखी वाटणी दिसली पाहिजे. एकूण आकडा २९ च्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. मग दोन्ही बॅटऱ्या उकळतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पाणी लवकर आटते, खार दोन्हींवर येतो. अल्टरनेटर बहुतेक कंपन्यांत ट्रकच्या वॉरंटीत डीलरमार्फतच बदलून मिळतो. म्हणून हा आकडा लेखी मिळवणे तुमच्या फायद्याचे.

एकूण आकडा बरोबर असेल, समजा २८.४, पण एक बॅटरी १३ आणि दुसरी १५.४ दाखवत असेल, तर मघाचा माझा संशय खरा. आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट विचारतो. केबिनमध्ये पंखा, टेप, मोबाइल चार्जर, जीपीएस यांच्यासाठी १२ व्होल्ट कुठून घेतले आहेत? मार्केटमधला वायरमन सोपा मार्ग काढतो. दोन बॅटऱ्यांमधल्या जोडपट्टीवरून एक वायर घेतो, अर्थ चॅसिसवर देतो, झाले १२ व्होल्ट तयार. त्या दिवशी सगळे झकास चालते. पण तो सगळा भार खालच्या, म्हणजे चॅसिसला अर्थ असलेल्या एकाच बॅटरीवर पडतो. ती रोज थोडी-थोडी रिकामी होत जाते. अल्टरनेटरला दोघींची बेरीजच दिसते. बेरीज २८.४ झाली की त्याच्या दृष्टीने काम संपले. रिकामी बॅटरी आपल्या वाट्याला कमी व्होल्टेज ठेवते आणि उरलेले सगळे वरच्या, आधीच भरलेल्या बॅटरीच्या डोक्यावर बसते. ती १५ व्होल्टच्या वर उकळते आणि तिच्या टर्मिनलला खार फुलतो.

म्हणजे खार एका बॅटरीवर दिसतो आणि वायर दुसरीवर असते. म्हणूनच हा दोष भल्याभल्यांना सापडत नाही. खार आलेली बॅटरी बदलतात, नवी बॅटरी त्याच जागी बसून पुन्हा उकळते, आणि मग कंपनीच्या मालालाच नावे ठेवली जातात. आमच्याकडे कळंबोलीला अशा गाड्या नेहमी येतात. इलाज साधा आहे: २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकतो. जोडपट्टीवरची वायर काढून कन्व्हर्टर बसवा, जोडणी कंपनीने दिलेल्या अॅक्सेसरी पॉइंटवरून आणि फ्यूज टाकून करा. कंपनीचा हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापू नका, वायर सोलून टेप गुंडाळू नका. मग दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या, बाहेरच्या चार्जरवर एकदा पूर्ण भरून घ्या. बिघडलेली वाटणी नुसत्या अल्टरनेटरवर पटकन सुधारत नाही.

तिसरे माप सेल्फ मारताना. यात दोन माणसे लागतात. मीटरची लाल टोकणी शिशाच्या खांबाच्या मधोमध, काळी टोकणी त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर. दुसऱ्याने सेल्फ मारायचा. खांब आणि क्लॅम्प चिकटलेले असतात, तेव्हा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.१ पर्यंत चालेल, ०.२ च्या वर गेला तर तो जोड खराब. चारही जोडांवर हेच करा, आणि चॅसिसला जिथे अर्थ केबल बोल्टने बसवली आहे तिथेही. तो बोल्ट चिखलात असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. 'कट-कट' आवाजाचे कारण इथेच सापडते. सेल्फ काही शे अँपिअर ओढतो. ४०० अँपिअर धरा आणि खाराने जोडात फक्त पाच मिलिओहम अडथळा केला असे समजा. तेवढ्यानेच २ व्होल्ट तिथेच गळतात आणि त्या जागी ८०० वॅटची उष्णता होते. म्हणून सेल्फ मारल्यावर क्लॅम्प हाताला गरम लागतो, कधी शिशाचा खांब वितळून खड्डाही पडतो. वितळलेला खांब बॅटरीवाला वॉरंटीत घेत नाही. त्याच्या भाषेत ते ढिले टर्मिनल, म्हणजे वापरणाऱ्याची चूक.

सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज १९ व्होल्टच्या खाली जात असेल आणि सगळे जोड चांगले असतील, तरच बॅटरीवर संशय घ्या. पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटरने अॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनताही बघा. भरलेल्या बॅटरीत साधारण १२४० ते १२८० दिसते. पाच सेल सारखे आणि सहाव्यात ४०-५० पॉइंटांची घट, म्हणजे तो सेल गेला. हा बॅटरी कंपनीकडचा सरळ, न भांडता मिळणारा दावा आहे.

उरला अॅसिड झिरपण्याचा प्रकार. खांब जिथे प्लास्टिकच्या झाकणातून वर येतो तिथले सील सुटले की अॅसिड खांबाच्या कडेने वर चढते. ओळख अशी: खार एकाच खांबावर, मुळाशी, ओलसर. पूर्ण पुसून कोरडा केला तरी दोन-चार दिवसांत मुळाशी पुन्हा ओल. साफ केल्यावर खांबाभोवती कोरडा पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून एक फेरी करून या, कागद सांगेल. सील मुळातच कच्चे असेल तर बॅटरी कंपनीने बदलून द्यायला हवी. पण क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवला असेल, किंवा बॅटरीची पट्टी ढिली राहून बॅटरी हादरत असेल, तरीही सील सुटते, आणि तपासणारा माणूस सगळ्यात आधी खांबावर हातोडीचे वण शोधतो. क्लॅम्प ढिला होतो म्हणून मध्ये खिळा किंवा स्क्रू ठोकण्याची पद्धत ढाब्या-ढाब्यावर दिसते. वॉरंटीतल्या गाडीत तो खिळा म्हणजे बॅटरीवाल्याच्या हातात आयते कारण. प्लसच्या मापाचा क्लॅम्प मायनसच्या खांबावर बसवला तरी हीच पाळी येते. प्लसचा खांब मायनसपेक्षा मुद्दाम जाड केलेला असतो. बुंध्याशी प्लस साधारण १९.५ मिलिमीटर, मायनस १७.९. प्लसचा क्लॅम्प मायनसवर ढिला बसतो, आणि मग खिळा आलाच.

आता साफसफाई. मापे आणि फोटो झाल्यावरच.

बीएस-६ गाडी आहे, म्हणून सुरुवात सावकाश. चावी बंद केल्याबरोबर कटऑफ स्विच फिरवू नका. चावी बंद झाल्यावरही थोडा वेळ डीईएफचा (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा) पंप चालू राहून नळ्यांतले युरियाचे द्रावण टाकीत परत ओढतो. त्याचा करंट मध्येच तोडला तर द्रावण नळीत आणि इंजेक्टरमध्ये सुकून खडे होतात, आणि टर्मिनल साफ करण्याच्या नादात दुसरेच मोठे बिल येते. किती थांबायचे ते पुस्तकात दिलेले असते. दोन-तीन मिनिटे तरी जाऊ द्या. मग कटऑफ बंद करा.

हातातले कडे, अंगठी, साखळी काढा. पाना दोन खांबांना चिकटला तर तो तिथेच जोडला जातो, अंगठी असेल तर ती बोटासकट तापते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. बिडी-सिगारेट लांब: हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, आणि बॅटरी बॉक्स बंदिस्त असतो. म्हणून झाकण काढून थोडा वेळ वारा लागू द्या.

पहिल्यांदा चॅसिसला जाणारी मायनस केबल सोडा. मग दोन बॅटऱ्यांमधली जोडकेबल. प्लस शेवटी. जोडताना उलट, मायनस शेवटी. मायनस आधी सोडला की पाना प्लसवर असताना चॅसिसला लागला तरी काही होत नाही. क्लॅम्प अडकला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, सील तिथेच सुटते. बोल्ट पूर्ण ढिला करा, क्लॅम्पचे तोंड हलकेच फाका, सोड्याचे पाणी सोडून पाच मिनिटे थांबा, हाताने थोडा-थोडा फिरवा. तरीही येत नसेल तर बॅटरीवाल्याकडे छोटा पुलर असतो.

खार कोरडा खरवडायचा नाही. ती शिशाची भुकटी आहे, नाकात गेली तर विषच, आणि आपल्याकडे त्याच हाताने तंबाखू मळली जाते. आधी ओली करा. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे खायचा सोडा. त्याआधी पाण्याची झाकणे घट्ट आहेत याची खात्री करा, सोडा सेलमध्ये गेला तर आतले अॅसिड मारतो. जुन्या टूथब्रशने लावा, फसफसेल. फसफस थांबेपर्यंत लावत राहा, ती थांबली म्हणजे अॅसिड संपले. मग साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि फडक्याने कोरडे करा. नुसते उकळते पाणी ओतण्याने खार निघतो हे खरे, पण त्यातले अॅसिड जिवंत राहते आणि खाली ट्रेवर, चॅसिसवर, शेजारच्या वायरिंगवर जाऊन बसते. कोल्ड्रिंक ओतणारेही भेटतात. ते स्वतःच आम्लधर्मी, वर साखर चिकटते ती निराळी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप बॅटरी बॉक्सवर मारू देऊ नका.

खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू वायर ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने शिसे चमकेल इतकीच घासा. कानस मारू नका. खांब निमुळता असतो, कानशीने बारीक झाला की क्लॅम्प पुन्हा घट्ट बसत नाही. केबल लगजवळ दाबून बघा. आत करकर आवाज आला, किंवा लगच्या तोंडाशी तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या होऊन तुटत असतील, तर खार केबलच्या आत चढला आहे आणि बाहेरून साफ करून उपयोग नाही. ती केबल स्वतः कापून नवा लग दाबू नका. चौदा महिन्यांत केबल सडली असेल तर ती डीलरला दाखवून बदलून मागा. केबल हा ट्रकचा भाग आहे, बॅटरीचा नव्हे.

क्लॅम्प खांबावर पूर्ण खाली बसवा, हाताने हलणार नाही इतकाच आवळा. शिसे मऊ असते, जोर लावला तर क्लॅम्प चिरतो. पेट्रोलियम जेली घट्ट केल्यानंतर, वरून लावा. आधी खांबाला फासून मग क्लॅम्प बसवण्याची पद्धत मला पसंत नाही. चॅसिसचे ग्रीस तर अजिबात नको, त्याला धूळ चिकटून बॅटरीच्या झाकणावर थर बसतो आणि दोन खांबांमध्ये थोडा-थोडा करंट वाहत राहतो.

पाण्याची पातळी प्लेटांच्या वर दहा-पंधरा मिलिमीटर, डिस्टिल वॉटरच. काठोकाठ भरलेली बॅटरी घाटात हिंदकळून बाहेर सांडते आणि मग त्याला आपण 'खार' म्हणतो. अॅसिड कधीही नाही.

एक जुनी सवय मोडा: इंजिन चालू असताना टर्मिनल काढून 'डायनॅमो चार्ज करतो का' बघण्याची. जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या गाडीत ती खपून जायची. आता बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काहीही जाऊ शकते. चॅसिसला वेल्डिंग करायचे असेल तरही दोन्ही केबल आधी सोडायच्या.

आता दाव्याचे. डीलर म्हणतो ते अर्धे खरे आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रक कंपन्यांच्या वॉरंटीत टायर आणि बॅटरी ज्या-त्या कंपनीच्या वॉरंटीवर सोडलेल्या असतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असलेली वर्षे आणि लाखो किलोमीटर बहुधा इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सलची असतात. बॅटरीचे कार्ड वेगळे असते. त्यात काही महिने फुकट बदलून मिळते, पुढचे काही महिने वापराच्या प्रमाणात पैसे भरून. तुमची बॅटरी यातल्या कुठल्या टप्प्यात आहे ते कार्डावर बघा आणि तारीख गाडीच्या बिलाशी ताडून घ्या. पण 'बॅटरी आमची नाही' म्हणून डीलरचे काम संपत नाही. चार्जिंग त्याचे आहे, केबल त्याच्या आहेत, बॅटरी बॉक्स आणि पट्टी त्याची आहे.

म्हणून जॉब कार्डवर काय लिहिले जाते ते महत्त्वाचे. सर्व्हिस अॅडव्हायझर सवयीने 'स्टार्टिंग प्रॉब्लेम' लिहितो, संध्याकाळी 'बॅटरी चार्ज करून दिली' असे लिहून कार्ड बंद होते. तुम्ही सांगा की असे लिहा: 'बॅटरी टर्मिनलवर वारंवार खार येतो, चार्जिंग व्होल्टेज एकूण व प्रत्येक बॅटरीचे वेगळे मोजून नोंदवावे, केबल व अर्थ जोड तपासावेत.' गाडी परत घेताना ते आकडे कार्डावर असल्याशिवाय सही करू नका. सही केलीच तर खाली 'तक्रार कायम' असे स्वतःच्या हाताने लिहा. आधीच्या सर्व्हिसच्या कार्डांवर बॅटरी तपासल्याची खूण असेल तर त्यांच्या प्रती काढा. 'देखभाल केली नाही' या बॅटरीवाल्याच्या म्हणण्याला त्यांच्याइतके चांगले उत्तर नाही.

चार्जिंगचे आकडे बरोबर आले की तेच कार्ड घेऊन बॅटरीवाल्याकडे जा. तो जास्त चार्जिंगचे कारण पुढे करू शकत नाही. बॅटरी तो तपासायला एक-दोन दिवस ठेवून घेईल. पावती घ्या, तीवर सीरियल नंबर असू द्या, आणि तोवर वापरायला बॅटरी मागा, बरेच जण देतात. नाकारली तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही बसत' ऐकून घरी येऊ नका. मात्र जोडपट्टीवरची वायर सापडली, तर ती गुपचूप काढून दावा करू नका. एका बॅटरीचे सेल कोरडे आणि दुसरीच्या प्लेटा पांढऱ्या, हे चित्र बघून अनुभवी तपासनीस ओळखतो. शिवाय खोटे पकडले गेले की पुढच्या खऱ्या दाव्यालाही कुणी दाद देत नाही.

एवढे करूनही दोघांनी टोलवाटोलवी केली तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ट्रक धंद्याचा, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे समोरून म्हटले जाईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलेली आहे हे खरे. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. एकच गाडी आणि चालक स्वतः, ही तुमची बाजू मजबूत आहे. ताफा असलेल्या मालकाला हे सांगता येत नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. एका बॅटरीसाठी आयोगापर्यंत जाण्यात तुमच्या फेऱ्या बुडतील, म्हणून माझा सल्ला असा की आधी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला जॉब कार्ड, फोटो आणि आकडे ईमेलने पाठवा. कागद हातात असलेल्या माणसाशी ते सहसा वेगळ्या सुरात बोलतात.

तोवर गाडी चालवायची का, हेही विचारले आहे. टर्मिनल साफ करून घट्ट केले, चार्जिंगचा एकूण आकडा २८.५ च्या आत आहे आणि जोडपट्टीवरची वायर सोडली, तर भरा माल. आकडा २९ च्या वर असेल तर लातूरला निघू नका; गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला लावा.